काचेबाहेरचे आईबाप आणि आपण वैद्य

"बाळाला पेटीत ठेवले आहे," एवढे एकच वाक्य बोलून समोर गप्प बसणारा बाप आपणांपैकी बहुतेकांनी आपल्या चिकित्सालयात पाहिला असेल. तो स्वतःच्या व्याधीसाठी आलेला नसतो. पत्नीला दूध उतरत नाही म्हणून शतावरी कल्प, आणि बाळाच्या अंगी बळ यावे म्हणून एखादे तेल, एवढीच त्याची मागणी असते. त्याची नाडी आपण पाहत नाही, कारण रुग्ण म्हणून त्याची नोंदच होत नाही. कल्पाचा डबा आणि तेलाची बाटली घेऊन तो निघून जातो. या बापासाठी आणि घरी बाळंतिणीच्या खोलीत निजलेल्या त्याच्या पत्नीसाठी आपण काय करू शकतो, आणि मुख्य म्हणजे काय करू नये, याविषयी सभासद वैद्यांपुढे आणि औषधविक्रेत्यांपुढे काही विचार मांडावेत, असे पुष्कळ दिवस मनात होते. निमित्त आमच्याच एका चुकीचे आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या नेहमीच्या रुग्णांपैकी एका शेतकरी कुटुंबातील तरुण असाच आला. पत्नीची पहिली खेप, बत्तिसाव्या आठवड्यात प्रसूती, बाळाचे वजन १३५० ग्रॅम. बाळ जिल्ह्याच्या गावी नवजात अतिदक्षता विभागात. चौथ्या दिवशी बाळंतिणीला सोडण्यात आले आणि तिच्या आईने रीतीप्रमाणे तिला माहेरी, रुग्णालयापासून दीड तासाच्या अंतरावरील खेड्यात नेले. सव्वा महिना उंबरठा ओलांडायचा नाही, वारा लागू द्यायचा नाही, शेक-शेगडी चुकवायची नाही. हा तरुण मात्र रुग्णालयाच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून राहिला होता. दिवसातून दोनदा काचेतून बाळ पाहायचे, आणि डबाभर पिळून पाठविलेले दूध आत द्यायचे. तेही दूध रोज कमी होत चालले होते.

आम्ही शतावरी कल्प दिला. वाग्भटाने प्रसूतीच्या क्लेशाने शिणलेल्या नवजातास बलातैलाचे सेचन सांगितले आहे, हे आठवून १०० मिलीची बलातैलाची बाटलीही दिली आणि "अगदी हलक्या हाताने लावा" असे बजावले. शास्त्राधार हाताशी असल्याने आम्ही समाधानात होतो. दुसऱ्या दिवशी दूरध्वनी आला तो त्या विभागातील परिचारिकेचा. तिने शांतपणे सांगितले, "सर, या बाळाची कातडी कागदासारखी पातळ आहे, आणि वर फोटोथेरपीचे दिवे चालू आहेत. तेलाची बाटली घरी राहू द्या. त्याऐवजी तुमच्या शब्दाने होत असेल तर याच्या बायकोला इकडे पाठवा. आठ दिवस झाले, आईने बाळाला हात लावलेला नाही."

ग्रंथातील जे वचन आम्हांस त्या दिवशी आठवायला हवे होते ते निराळेच होते. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या दहाव्या अध्यायात स्तन्याची प्रवृत्ती कशाने होते हे सांगताना बाळाचा स्पर्श, त्याचे दर्शन, त्याचे स्मरण आणि त्याला जवळ घेणे, अशी कारणे दिली आहेत, आणि या सर्वांच्या मुळाशी अखंड स्नेह आहे असे म्हटले आहे. शारीरस्थानात तेच आचार्य क्रोध, शोक आणि वात्सल्याचा अभाव यांनी स्तन्यनाश होतो असे सांगतात. त्या बाळंतिणीची स्थिती या दोन वचनांपुढे ठेवून पाहा. स्पर्श नाही, दर्शन नाही, ग्रहण नाही. शोक मात्र पुरेपूर. स्तन्यप्रवृत्तीची सर्व कारणे काढून घेऊन आम्ही तिला शतावरी देत होतो! निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी विद्यार्थ्यांना सांगणारे आपण. येथे निदान होते दीड तासाचे अंतर, आणि त्यावर कल्पाच्या डब्यात उपाय नव्हता.

चरकाचार्यांनी तिस्रैषणीय अध्यायात स्पर्शनेंद्रिय सर्व इंद्रियांना व्यापणारे आणि मनाशी समवायाने जोडलेले आहे असे सांगितले आहे. आपण हे वचन परीक्षेपुरते पाठ करतो. अतिदक्षता विभागाच्या दाराशी त्याचा अर्थ उमगतो. आईबापांना आत यंत्रांचे आवाज ऐकू येतात, नळ्या लावलेले इवलेसे शरीर दिसते, आणि स्पर्शाला मात्र बंदी असते. म्हणजे मनाला धक्का देणारी द्वारे उघडी आणि मनाला धीर देणारे द्वार बंद. अमेरिकेत मार्गारेट माइल्स व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये अशा आईबापांचा ताण मोजण्याची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तीत विभागातील दृश्ये व आवाज, बाळाचे रूप, आणि आईबाप म्हणून असलेली भूमिका हिरावली जाणे, असे ताणाचे भाग पाडलेले आहेत. पुढे ही प्रश्नावली ज्या ज्या देशांत वापरली गेली तेथे बहुधा शेवटचा भागच सर्वाधिक जाचक ठरला. "माझे बाळ, पण मी त्याला उचलून घेऊ शकत नाही" हे दुःख नळ्या पाहण्याच्या दुःखाहून मोठे आहे. हे कळण्यासाठी प्रश्नावलीची गरज होती काय, असे कोणी विचारील. पण आमच्यासारख्यांनाही ते परिचारिकेने सांगावे लागले, हे लक्षात घ्यावे.

आता या स्पर्शाचा इतिहास थोडा पाहू. कोलंबिया देशाच्या बोगोटा शहरात १९७८ मध्ये डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी, आणि लगेच त्यांच्या जोडीने डॉ. हेक्टर मार्टिनेझ यांनी, पेट्यांचा तुटवडा आणि एका पेटीत अनेक बाळे ठेवल्याने होणारे जंतुसंसर्ग यांवर उपाय म्हणून कमी वजनाची बाळे आईच्या उघड्या छातीवर, त्वचेला त्वचा लावून, उभी बांधून ठेवण्यास आरंभ केला. हीच कांगारू मातृ-संगोपनाची पद्धत. गरिबीतून निघालेला उपाय म्हणून श्रीमंत देशांनी आरंभी त्याकडे दुर्लक्ष केले. आज चित्र पालटले आहे. घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांत, १ किलो ते १७९९ ग्रॅम वजनाच्या ३२०० हून अधिक बाळांवर झालेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच कांगारू संगोपन सुरू केले, त्या गटात २८ दिवसांपर्यंतचे मृत्यू १२ टक्के होते. आधी स्थिर करून मग सुरू केलेल्या गटात १५.७ टक्के. लाभ इतका स्पष्ट दिसला की अभ्यास मुदतीपूर्वीच थांबविण्यात आला. भारतातील केंद्र दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय होते, आणि त्यासाठी तेथे आईची खाट बाळाच्या वॉर्मरशेजारी, अतिदक्षता विभागाच्या आतच ठेवण्यात आली होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये आपल्या शिफारशी त्यानुसार बदलल्या: दिवसाचे आठ ते चोवीस तास, शक्य तितक्या लवकर, अपवाद फक्त स्वतः श्वास घेऊ न शकणाऱ्या, कृत्रिम श्वसनयंत्रावर असलेल्या अथवा शॉकमध्ये असलेल्या बाळांचा.

हे झाले बाळाचे. आमचा विषय आईबापांचा आहे. इस्रायलमध्ये रूथ फेल्डमन व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखविले की कांगारू संगोपन केलेल्या मातांत नैराश्य कमी होते आणि आपले बाळ इतरांसारखेच आहे असा विश्वास अधिक होता. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात, आपल्या अकालजात बाळाला स्वतःच्या हाताने मर्दन केल्यानंतर मातांची उदासी आणि चिंता उतरलेली आढळली. हरियाणात घरी असलेल्या कमी वजनाच्या बाळांच्या मातांवर झालेल्या मोठ्या अभ्यासातही, कांगारू संगोपन करणाऱ्या मातांत प्रसूतिपश्चात नैराश्याची लक्षणे कमी दिसली. म्हणजे स्पर्श देणाराही त्याच क्षणी स्पर्श घेत असतो. औषध कोण कोणाला देत आहे हे येथे सांगता येत नाही.

या संदर्भात चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या महिन्याचे वर्णन आम्हांस फार सूचक वाटते. या महिन्यात ओज आईकडून गर्भाकडे आणि गर्भाकडून आईकडे ये-जा करीत असते, म्हणून आई कधी आनंदी तर कधी म्लान होते, आणि म्हणूनच या काळातील जन्म धोक्याचा मानला आहे. बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेले बाळ म्हणजे नेमके आठव्या महिन्यातील बाळ. ओजाची ये-जा चालू असतानाच मध्ये काच आली, असे म्हटले तर ती केवळ उपमा आहे हे आम्ही जाणतो. कांगारू संगोपनाचा शोध आपल्या ऋषींनी आधीच लावला होता असला दावा करण्याचा आमचा हेतू नाही. तसले दावे या अंकाच्या पानांवर पुष्कळ होतात आणि त्यांनी कोणत्याही बाळंतिणीला दूध आलेले नाही.

आता तेलाविषयी स्पष्ट बोलले पाहिजे, कारण आपल्या वाचकांत तेल बनविणारे आणि विकणारे बहुसंख्य आहेत. ग्रंथकारांसमोर जे नवजात होते ते स्वबळाने श्वास घेणारे आणि स्तनपान करणारे होते. सव्वा किलोचे, नळीने दूध घेणारे बाळ जगविण्याची साधने त्या काळी नव्हती, तेव्हा त्या बाळासाठी अभ्यंगाचा विधीही नाही. ढाक्यातील रुग्णालयात अकालजात बाळांच्या त्वचेवर सूर्यफुलाचे तेल लावल्याने जंतुसंसर्ग घटल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले, हे खरे. तथापि तेथे तेल ठरलेले, मात्रा ठरलेली आणि लावणारे हात प्रशिक्षित होते. त्याच संशोधकांना प्रयोगांत मोहरीच्या तेलाने त्वचेचे संरक्षक आवरण बिघडते असेही आढळले होते. जागतिक आरोग्य संघटनाही तेलाच्या वापराचा "विचार करता येईल" इतकेच म्हणते. तो विचार बाळाच्या शेजारी उभ्या असलेल्या डॉक्टरांनी करावयाचा आहे. पन्नास किलोमीटरवरून बाटली पाठविणाऱ्याने नव्हे.

शिवाय तेल नसले तरी मर्दनाची घाई नको. आपल्या हातांना चोळण्याची सवय असते, आजीच्या हातांना तर अधिकच. परंतु फार लहान बाळाला वरवर कुरवाळणेही सोसत नाही. ते बोटे फिसकारते, तोंड फिरवते, उचकी लागते, रंग बदलतो, कधी श्वास अडखळतो. अशा बाळासाठी स्थिर हात हवा: धुतलेला, ऊबदार, एक तळवा डोक्याभोवती आणि दुसरा पोटाशी घेतलेल्या पावलांभोवती, न हलविता, न थोपटता. बापाला हे सांगितले की तो दचकतो, "नुसता हात ठेवून काय होणार?" असे विचारतो. पाच मिनिटांनी त्याचेच खांदे खाली आलेले दिसतात. बाळ तयार झाले की पुढची पायरी छातीवर घेण्याची. बाळाला टोपी, मोजे आणि लंगोट एवढेच, मान किंचित वर आणि एका बाजूस, पाय बेडकासारखे, वरून स्वच्छ सुती कापडाचा पट्टा, आणि एकदा घेतले की निदान तासभर. हे बापही करू शकतो, हे आपण मुद्दाम सांगितले पाहिजे, कारण घरात ते दुसरे कोणी सांगणार नाही.

रुग्णालयांकडेही बोट दाखवावे लागेल. केंद्र शासनाने २०१७ मध्ये नवजात विभागांत कुटुंबाच्या सहभागाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. आईबापांना हात धुण्यापासून कांगारू संगोपनापर्यंत शिकवून बाळाच्या काळजीत घ्यावे, असे त्यांत आहे. तरीही अनेक ठिकाणी, विशेषतः काही खाजगी विभागांत, आईबापांना दिवसातून दहा मिनिटे काचेतून दर्शन, एवढाच शिरस्ता आम्ही पाहिला आहे. कारण संसर्गाचे सांगतात. संसर्गाची भीती खोटी नाही. पण सफदरजंगच्या अनुभवानंतर केवळ त्या कारणाने आईला बाहेर ठेवणे टिकणारे नाही. येथे आपण रुग्णालयाशी भांडण्याचे कारण नाही. आईबापांनी नम्रपणे विचारावयाचे दोन प्रश्न आपण त्यांना लिहून द्यावेत: "आम्ही बाळाला हात कधी लावू शकतो?" आणि "कांगारू कधी सुरू करता येईल?" प्रश्न विचारला गेला की बऱ्याच ठिकाणी दार उघडते, असा आमचा अनुभव आहे.

दुसरे दार मात्र घरातले आहे आणि त्याची किल्ली खरोखर आपल्याकडे आहे. बालरोगतज्ज्ञाने "आईला पाठवा" म्हटले तर आजी ऐकत नाही, कारण तिच्या मते त्याला बाळंतपणातले काय कळते? वैद्याने सांगितले तर ती ऐकते. सूतिकेचे पथ्य, विश्रांती, वातशमन हे सारे आम्हांस मान्य आहे आणि ते सोडा असे आम्ही म्हणत नाही. परंतु सूतिकेला वारा लागू नये हे सांगणाऱ्या शास्त्रानेच शोकाने दूध आटते हे सांगितले आहे. दोहोंपैकी आज कोणते संकट मोठे, हे ठरविणे वैद्याचे काम आहे. कान बांधून, गरम पेज घेऊन, बंद गाडीने ती जाऊ शकते. शक्य असल्यास रुग्णालयाच्या गावीच नातेवाइकांकडे सव्वा महिन्याची सोय करावी. धुरी आणि शेक झाल्यावर आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून जावे. छातीला तेल, अत्तर, पावडर काही नको. अंगठ्या आणि बांगड्या काढून कोपरापर्यंत हात धुवावे लागतात, हे आधीच सांगून ठेवावे. आमच्या त्या बाळंतिणीच्या बाबतीत हिरव्या चुड्यावरून दाराशीच रडारड झाली होती.

तेलाला या सगळ्यात जागाच नाही असे नाही. ती जागा आईबापांच्या अंगावर आहे. व्हरांड्यात झोपणाऱ्या बापाची झोप उडालेली असते, पोट साफ नसते, डोके भणभणते. वाताची ही सारी लक्षणे आपण ओळखतो. रात्री पावलांना तेल लावून काशाच्या वाटीने दहा मिनिटे घासणे हा आपल्या घराघरांतला उपाय, आणि तो दुसऱ्या कोणी करावा लागतो हाच त्याचा मोठा गुण. ज्याला बाळाला हात लावता येत नाही त्याला निदान कोणाचा तरी हात लागतो. बाळंतिणीस ज्वर, अजीर्ण नसता डोके, पाठ आणि पाय यांना अभ्यंग द्यावा. सिझेरियन झालेले असल्यास पोट वर्ज्य. याने बाळाचे वजन वाढेल असे कोणी सांगू नये. ती रात्री झोपेल आणि सकाळी दीड तासाचा प्रवास करू शकेल, एवढे पुरे आहे.

औषधविक्रेत्यांना एकच विनंती. दुकानात कोणी बाळासाठी तेल मागितले की तीन गोष्टी विचारा: बाळ किती दिवसांचे, वजन किती, आणि आत्ता कोठे आहे? ते रुग्णालयात असेल तर बाटली देऊ नका. विक्री एका बाटलीची बुडेल. आणि ज्या उत्पादकांच्या शिशुतैलाच्या वेष्टनावर "जन्मापासून" अशी अक्षरे आहेत त्यांनी त्यापुढे "पूर्ण दिवसांच्या व घरी असलेल्या बाळासाठी" एवढे छापण्यास खर्च येतो तो शाईचाच.

त्या तरुणाच्या सासूबाईंना आम्ही त्याच संध्याकाळी दूरध्वनी केला. पंचवीस मिनिटे लागली. तिसऱ्या दिवशी बाळंतीण रुग्णालयाजवळ मावशीकडे राहायला आली, चुडा मावशीकडे काढून ठेवला गेला, आणि पहिल्यांदा बाळ छातीवर घेतले तेव्हा ती दोन तास हललीसुद्धा नाही, असे त्याच परिचारिकेने कळविले. दूध आठवड्याभरात वाढले. शतावरीही चालू होती, तेव्हा श्रेय कोणाला द्यावे या वादात आम्ही पडत नाही. एकोणतिसाव्या दिवशी बाळ घरी गेले. त्यानंतर तो तरुण न उघडलेली बलातैलाची बाटली घेऊन आमच्याकडे आला. आम्ही पैसे परत करू लागलो तर त्याने ते घेतले नाहीत. बायकोच्या पायांना लावतो म्हणाला, आणि काशाची वाटी कोठे मिळेल ते विचारून घेऊन गेला.